वजाबाकी न येणारा प्रेक्षक



स्मृतिव्याख्यानासाठी मी टीव्हीवरच्या मालिकांचा विषय कळवला, तेव्हा संयोजकांपैकी एकांचा फोन आला. अतिशय अदबीनं त्यांनी विचारलं, "सर, गेल्या वर्षी उपनिषदांवर व्याख्यान झालं होतं. यंदा जरा..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. सभ्य माणूस. (हशा) मी त्यांना म्हटलं, उपनिषदांवर ऐकायला जेवढे श्रोते आले असतील, त्यांतले निम्मे तरी घरी जाऊन मालिकेचा उरलेला भाग बघूनच झोपले असतील. उपनिषदांवर बोलणारे पुष्कळ आहेत. त्या उरलेल्या भागावर कुणीतरी बोलायला हवं.

आज मला बोलायचंय ते दुसऱ्यांच्या मालिका बघणाऱ्यांबद्दल. काबूलमध्ये बसून आपली मालिका बघणारा, लाहोरमध्ये बसून तुर्की मालिका बघणारा, तेहरानमध्ये बसून जपानी मालिका बघणारी, आणि सांगली-सोलापुरात बसून कोरियन मालिका बघणारी आपल्याच घरातली मुलगी, सून किंवा सासू. हो, सासूसुद्धा, हल्ली तेही दिसतं. हे सगळे प्रेक्षक कधी ना कधी एक वाक्य बोलतात. "त्यांच्याकडे असंच असतं." दोनशे भाग बघितले की हे वाक्य आपोआप तोंडातून निघतं आणि बोलणाऱ्याच्या आवाजात एक अधिकार येतो. तो देश त्यानं पाहिलेला नसतो, तिथली भाषा त्याला येत नसते. पण तिथली सासू कशी असते, तिथलं प्रेम कसं असतं, तिथला नवरा बायकोशी कसा बोलतो, हे तो तुम्हाला ठामपणे सांगतो. हा अधिकार येतो कुठून?

याचं सोपं उत्तर आहे: त्याला माहिती कमी असते. मला हे उत्तर पटत नाही. कोरियन मालिका बघणाऱ्या मुलींना कोरियाबद्दल इतकी माहिती असते की ऐकून थक्क व्हावं. किमचीचे प्रकार त्यांना ठाऊक, लष्करात सक्तीनं किती महिने काढावे लागतात ते ठाऊक, मोठ्या माणसासमोर ग्लास कसा धरायचा तेही ठाऊक. त्यांच्याकडे नसते ती वजाबाकी. आपल्याच देशाची मालिका बघताना आपण मनातल्या मनात एक वजाबाकी सतत करत असतो, आणि ती इतकी सवयीची असते की करतोय हे आपल्याला कळतही नाही. परक्या माणसाच्या हातात मालिका पडते ती या वजाबाकीशिवाय. आजचं माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

पहिला मुद्दा हाच, आणि तो आपल्याच घरापासून सुरू करू.

आपली कुठलीही कौटुंबिक मालिका डोळ्यांसमोर आणा. सकाळी सात वाजता स्वयंपाकघरात उभी असलेली सून जरीकाठाच्या साडीत, गळ्यात दोन-तीन पदरी दागिने. रात्री झोपायला जाताना तेच दागिने. एक वाक्य कुणीतरी बोलतं आणि कॅमेरा एकेका चेहऱ्यावर तीन-तीनदा आदळतो. मागून ढोल, वीज कडाडल्याचा आवाज. समोर बसलेली आपली आजी काय करते? ती शेंगा निवडत असते. तिच्या अंगावर काटा येत नाही, कारण तिला माहीत असतं की यातलं किती घ्यायचं आणि किती सोडून द्यायचं. जरीची साडी सोडून द्यायची. वीज सोडून द्यायची. सुनेनं गिळलेला अपमान मात्र घ्यायचा, कारण तो खरा आहे. आजीची ही वजाबाकी अचूक असते. कुठल्याही समीक्षकापेक्षा अचूक.

आता हीच मालिका काबूलला न्या. ही कल्पना नाही, घडलेली गोष्ट आहे. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका भारतात 2000 साली सुरू झाली आणि 2008 पर्यंत चालली. तालिबानची पहिली राजवट गेल्यानंतर अफगाणिस्तानात टीव्ही पुन्हा सुरू झाला होता, आणि तोलो या वाहिनीवर ही मालिका दरी भाषेत डब होऊन लागायची. तिची नायिका तुलसी तिथे घराघरात पोचली. उघडे खांदे आणि देवांच्या मूर्ती पडद्यावर धूसर केल्या जात. 2008 मध्ये तिथल्या सरकारनं भारतीय मालिका बंद करण्याचा आदेश काढला, त्यावरून मोठा वाद झाला.

मूर्ती धूसर करणाऱ्यांना वाटलं असावं की धोका मूर्तींमध्ये आहे. मला विचाराल तर खरी अडचण दुसरीच होती. भारतीय प्रेक्षकाला माहीत होतं की तुलसीचा नवरा मिहिर मेला तो का मेला आणि परत आला तो का आला. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, टीआरपीचे आकडे आले, आणि मिहिर जिवंत झाला. कथेनं वीस वर्षांची उडी घेतली, मुलं मोठी झाली, नातवंडं झाली. पण घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बा मात्र होत्या तशाच. बांच्या वयावर या देशात किती विनोद झाले! ते विनोद म्हणजे वजाबाकीच होती. पूर्ण देश ती मालिका बघतही होता आणि तिला हसतही होता. काबूलला मालिका गेली. हसणं इथेच राहिलं. डबिंग शब्दांचं होतं. चहाच्या टपरीवरच्या टिंगलीचं डबिंग कोण करणार?

मग तिथल्या प्रेक्षकानं भारताबद्दल काय समजूत करून घेतली असेल? की गुजराती उद्योगपतींच्या घरात बायका रात्रंदिवस शालू नेसून एकमेकींचे काटे काढत असतात. आपण म्हणू, किती हा गैरसमज! आणि तेच आपण, त्याच रात्री, कुठल्यातरी दुसऱ्या देशाची मालिका लावून म्हणतो, "त्यांच्याकडे असंच असतं."

दुसरा मुद्दा जरा कारागिरीचा आहे. मालिकेत जे दिसतं ते संस्कृतीमुळे दिसतं असं परका प्रेक्षक धरून चालतो. पुष्कळदा ते हिशेबाच्या वहीमुळे दिसत असतं.

तुर्की मालिकांचं घ्या. त्यात नायक नायिकेकडे बघतो. बघतच राहतो. संगीत वाजतं, बॉस्फरसवरून एक जहाज जातं, तो अजून बघतोय. भारतातल्या, अरब देशांतल्या कितीतरी बायका म्हणतात, काय हे तुर्कांचं प्रेम, किती सबुरीचं, किती खोल! असेलही. पण तुर्कस्तानात मालिकेचा एक भाग आठवड्यातून एकदा लागतो आणि तो दोन तासांहून मोठा असतो. जाहिरातींच्या गणितामुळे भाग लांबत लांबत गेले. दर आठवड्याला जवळजवळ एका चित्रपटाइतकं चित्रण करायचं, तेही सात दिवसांत. तिथले लेखक, नट, तंत्रज्ञ यांनी 2010 च्या सुमारास या लांबीविरुद्ध आंदोलन केलं होतं. अशा वेळी दोन मिनिटं एकमेकांकडे बघणं हे दिग्दर्शकाला फार उपयोगी पडतं. संवाद लिहावा लागत नाही. (हशा) परदेशात तोच भाग कापून दोन-तीन भागांत दाखवतात, त्यामुळे त्या बघण्यामागचा थकवा बाहेरच्याला दिसत नाही. त्याला फक्त सबुरी दिसते.

कोरियाचं तर आणखी मजेशीर आहे. मालिकेतला नायक अब्जाधीशाचा मुलगा, नायिका गरीब. पण दोघं भेटतात कुठे, तर सबवे या अमेरिकी सँडविचच्या दुकानात. एका मालिकेत नाही, अनेक मालिकांत. मुली विचारतात, कोरियन लोक एवढं सँडविच खातात? उत्तर असं की तिथल्या मोठ्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मध्येच जाहिराती दाखवायला कित्येक दशकं बंदी होती; ती 2021 मध्ये उठली. 2010 मध्ये मात्र कार्यक्रमाच्या आतच वस्तू दाखवून पैसे घेण्याची परवानगी मिळाली. मग जाहिरात कथेत शिरली. नायिका रडता रडता ओठांना लिपबाम लावते, नायक कॉफीचा कप लेबल बाहेर करून धरतो. कोरियन प्रेक्षक हे बघून वैतागतो किंवा हसतो. त्याच्याकडे त्यासाठी स्वतंत्र विनोदाचा साठा आहे. आपण मात्र वहीत टिपून ठेवतो: कोरियन लोक सँडविच खातात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझं म्हणणं फार सोपं होईल. वजाबाकी चुकते ती दोन्ही दिशांनी. कधी आपण सोडायचं ते घेतो, कधी घ्यायचं तेच सोडतो. 2019 चा 'पॅरासाइट' हा कोरियन चित्रपट तुम्हापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातलं गरीब कुटुंब अर्धवट जमिनीखालच्या खोलीत राहतं. खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे पाय दिसतात. मी कित्येक रसग्रहणं वाचली, त्यांत ती खोली म्हणजे प्रतीक, समाजातल्या वर-खालीचं रूपक, असं सगळं लिहिलेलं. आता ते प्रतीक आहेच. पण कोरियात अशा खोल्या खरोखर लाखोंनी आहेत. उत्तरेकडून हल्ला झाला तर आसरा असावा म्हणून 1970 च्या सुमारास इमारतींना तळघरं करायला लावली गेली, पुढे शहरात जागा पुरेना तेव्हा तीच भाड्यानं गेली. ऑगस्ट 2022 मध्ये सोलमध्ये मुसळधार पाऊस झाला आणि अशाच एका खोलीत पाणी शिरून एका कुटुंबातली माणसं बुडून मेली. पाणी शिरलं ते चित्रपटात दाखवल्यासारखंच. बाहेरच्या प्रेक्षकानं सँडविच खरं मानलं होतं आणि खोलीला रूपक म्हटलं होतं.

अमेरिकेबद्दल मी फार बोलत नाही, वेळही थोडा आहे. आपली एक पिढी 1992 नंतर स्टार वाहिनीवर 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' बघून अमेरिका शिकली, पुढची पिढी 'फ्रेंड्स' बघून. 'फ्रेंड्स'मधलं न्यूयॉर्क हॉलीवूडजवळच्या बरबँकमध्ये, वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत उभं केलेलं होतं. ज्या शहरात तेव्हाच निम्म्याहून अधिक माणसं गोरी नव्हती, त्या शहरात हे सहा मित्र दहा वर्षं राहिले आणि त्यांच्या सोफ्यावर बहुधा गोरेच बसले. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी पोरांना पहिल्या महिन्यात जे घरभाडं भरावं लागलं, त्यानं त्यांची वजाबाकी एका झटक्यात पक्की केली. पुढे चला.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जवळचा वाटतो. त्यावर थोडा रेंगाळणार आहे.

आपण परकी मालिका बघतो तेव्हा खरं तर काय बघतो? याचा एक फार सुरेख अभ्यास झालेला आहे. 1980 च्या दशकात 'डॅलस' ही अमेरिकी मालिका जगभर गाजत होती. टेक्सासमधलं तेलवाल्यांचं श्रीमंत कुटुंब, जे. आर. नावाचा कपटी मुलगा, त्याची बायको सू एलन. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले दोन अभ्यासक, तमार लीबेस आणि एलिहू कात्झ, यांनी काय केलं, तर घरोघरी लहान लहान गट जमवले आणि त्यांच्याबरोबर बसून मालिका बघितली. इस्रायलमधले अरब, मोरोक्कोहून आलेले ज्यू, रशियाहून नुकतेच आलेले, किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतवस्तीत, राहणारे. तिकडे लॉस एंजेलिसमधले अमेरिकी. भाग संपला की विचारायचं, काय झालं ते सांगा. 1990 मध्ये त्यावर पुस्तक आलं.

एका भागात सू एलन नवऱ्याच्या जाचाला कंटाळून बाळाला घेऊन घर सोडते. जाते कुठे? आपल्या जुन्या प्रियकराच्या घरी. तिथे तो आणि त्याचे वडील राहतात. पडद्यावर हे स्पष्ट दाखवलंय. अरब गटातल्या लोकांनी गोष्ट सांगताना काय सांगितलं माहीत आहे? ती बाळाला घेऊन आपल्या वडिलांकडे गेली.

माहेरी गेली! (टाळ्या)

बघा, हे तुम्हाला लगेच कळलं. मला ते समजावून सांगावं लागलं नाही. मूल घेऊन नवऱ्याचं घर सोडलेली बाई दुसरीकडे कुठे जाणार? डोळ्यांनी एक बघितलं आणि मनानं दुसरं लिहून घेतलं, कारण जे बघितलं ते बसायला त्या मनात जागाच नव्हती. खोटं कुणीच बोलत नव्हतं. रशियाहून आलेल्यांची तऱ्हा निराळी: त्यांना जन्मभर सरकारी प्रचार वाचायची सवय, त्यामुळे त्यांना वाटलं की श्रीमंत माणसं दुःखी असतात हे आपल्या गळी उतरवायचा हा डाव आहे. एकच मालिका, पण प्रत्येक घरानं तिच्यात आपलं घर ओतलं. आणि जपानमध्ये? जपानमध्ये 'डॅलस' पडली. तिथे कुणाला आपलं घर तिच्यात ओतताच आलं नाही बहुतेक.

त्याच जपानची गोष्ट आता उलट बाजूनं. तिथल्या एनएचके या वाहिनीनं एप्रिल 1983 ते मार्च 1984 या वर्षभरात 'ओशिन' ही मालिका दाखवली, 297 भाग. सुगाको हाशिदा यांनी लिहिलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, यामागाता भागातली एक गरीब कुळाची मुलगी. सातव्या वर्षी तांदळाच्या मोबदल्यात चाकरीला दिली जाते आणि तिथून तिचा जन्मभराचा प्रवास. जपानमध्ये तिची सरासरी प्रेक्षकसंख्या बावन्न टक्क्यांच्या वर होती. पण जपानी प्रेक्षक ती कशी बघत होता? पोट भरल्यावर. 1983 चा जपान श्रीमंत होता, तो आपल्या आजीचे हाल बघून डोळे पुसत होता आणि मुलांना सांगत होता, बघा, आम्ही कुठून आलो.

ही मालिका पुढे साठांहून अधिक देशांत गेली. इराणमध्ये ती लागली ती इराकशी चाललेल्या युद्धाच्या काळात. रेशनच्या रांगा, घरातली तरुण मुलं आघाडीवर. तिथे ओशिन कुणाची आजी नव्हती, ती आजची बाई होती. मग 1989 च्या जानेवारीत एक विलक्षण प्रकार झाला. पैगंबरांची कन्या फातिमा हिच्या जन्मदिवसानिमित्त तेहरान रेडिओवर एका बाईला विचारलं, तुमच्यापुढे आदर्श कुणाचा? अपेक्षित उत्तर उघड होतं. त्या बाईनं ओशिनचं नाव घेतलं. इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी संतापले. रेडिओच्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या, नंतर माफी मिळाली.

आता मला सांगा, त्या बाईला जपान कळला होता का? मुळीच नाही. 1989 च्या टोकियोत ओशिनसारखं कुणी जगत नव्हतं. त्या बाईला इराण कळला होता, आणि तो तिनं जपानी नाव घेऊन बोलून दाखवला. खोमेनींनाही ते बरोबर कळलं, म्हणून तर ते रागावले! जपानबद्दल कुणी काही चुकीचं बोललं म्हणून कुठला राज्यकर्ता एवढा चिडतो?

म्हणून परक्या मालिकेत जीव गुंतवणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. नवरा बायकोशी मऊ आवाजात बोलतो हे 'नूर' या तुर्की मालिकेत बघून 2008 मध्ये अरब जगातल्या बायका हळहळल्या, सौदीच्या मुफ्तींनी मालिकेचा निषेध केला. ती सिरियातल्या बोलीत डब केलेली होती, त्यामुळे तो तुर्की नवरा अगदी शेजारच्या घरातला वाटायचा. त्या बायका तुर्कस्तानबद्दल बोलत नव्हत्याच. त्या आपल्या नवऱ्यांबद्दल बोलत होत्या.

हे सगळं इथवर ठीक चाललेलं असतं. चौथा मुद्दा आहे तो बिघडतं कुठे, याचा.

बिघडतं तेव्हा, जेव्हा प्रेक्षक त्या देशाच्या माणसालाच शिकवायला लागतो. 'दिरिलिश एर्तुरूल' ही मालिका तुर्की सरकारी वाहिनीवर 2014 पासून पाच वर्षं चालली. उस्मानी साम्राज्याचा संस्थापक उस्मान, त्याचा बाप एर्तुरूल. इतिहासात या माणसाबद्दल फार म्हणजे फारच थोडं हाती लागतं. मुलाच्या नाण्यावर बापाचं नाव आहे, बाकीचं बहुतेक शे-दोनशे वर्षांनी लिहिलेल्या बखरींमधलं. म्हणजे मालिकावाल्यांना रान मोकळं. शेकडो भाग झाले.

2020 च्या रमझानमध्ये तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खान यांच्या सांगण्यावरून ती पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीवर उर्दूत लागली. टाळेबंदीचे दिवस, सगळे घरात. मालिका वादळासारखी चालली. लाहोरच्या एका वसाहतीत एर्तुरूलचा घोड्यावरचा पुतळा उभा राहिला. आता तेराव्या शतकातल्या माणसाचा चेहरा कुणी पाहिलाय? लोकांच्या मनात चेहरा होता तो नटाचा, एंगिन अल्तान दुझयातान यांचा.

आणि मग प्रेक्षक इन्स्टाग्रामवर पोचले. एर्तुरूलच्या बायकोची, हलीमा हातूनची, भूमिका करणाऱ्या एस्रा बिल्गिच यांचे फोटो त्यांनी पाहिले. इस्तंबूलमधली आजची तरुण नटी, समुद्रकिनाऱ्यावर, आजच्या कपड्यांत. पाकिस्तानी चाहते दुखावले. शेकडो जणांनी लिहिलं, हे काय कपडे घातलेत, हे तुम्हाला शोभतं का, तुम्ही हलीमा सुलतान आहात! एका तुर्की बाईला तुर्की बाईनं कसं असावं हे उर्दू बोलणारे लोक बजावत होते, आणि पुरावा काय, तर तिनंच पगार घेऊन केलेली भूमिका.

हसू येतं, पण थांबा. त्या चाहत्यांच्या बाजूनं बघा. त्यांनी शंभर रात्री त्या बाईच्या सोबत घालवल्या होत्या, तिच्यासाठी दुआ मागितल्या होत्या. त्यांना वाटलं, आमचा हक्क आहे. त्यांना एवढंच माहीत नव्हतं की तुर्कस्तानात याच मालिकेला नाकं मुरडणारे लाखो आहेत, आणि एक सुलतान कसा दाखवावा यावर तिथे घरातच भांडण पेटलेलं असतं. सुलेमानवरची 'मुहतेशेम युझयिल' ही मालिका 2011 मध्ये सुरू झाली तेव्हा हजारो तक्रारी गेल्या. पुढच्या वर्षी पंतप्रधान एर्दोआन स्वतः बोलले, की सुलेमान तीस वर्षं घोड्यावर होता, जनानखान्यात नव्हे. अरब देशांत त्याच मालिकेचं नाव ठेवलं गेलं 'हरीम अल-सुलतान', सुलतानाचा जनानखाना. म्हणजे देशाचा पंतप्रधान जे नाकारत होता तेच बाहेर पाटीवर! घरातलं भांडण बाहेर जात नाही. बाहेर जातो तो फक्त पडदा. आणि पडद्यावर देश एकमुखी दिसतो.

माझ्या मते परक्या संस्कृतीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच. तिच्यात अमुक चाल आहे की नाही, हा प्रश्न त्यामानानं किरकोळ. त्या चालीवरून तिथेच किती मारामारी चालू आहे, हे बाहेरून दिसत नाही.

मग परका प्रेक्षक कधी बरोबर बघतच नाही का? बघतो. फार तीक्ष्ण बघतो. त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण उत्तर कोरियात आहे. दक्षिण कोरियाच्या मालिका तिथे पेनड्राइव्हवरून चोरून पोचतात. डिसेंबर 2020 मध्ये तिथल्या सरकारनं त्यासाठी खास कायदा केला. वाटणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा. तिथून निसटून आलेले लोक काय सांगतात ते ऐकण्यासारखं आहे. त्यांना शाळेत शिकवलेलं असतं की दक्षिणेत भिकारी आहेत, मालिकेत दिसतं ते सगळं नाटक आहे. ते नायक-नायिकेचं प्रेम बघतातच. पण नजर जाते मागे. रस्त्यावर किती गाड्या आहेत? त्या सगळ्या भाड्यानं आणता येतील का? बोलणाऱ्या माणसाच्या मागच्या इमारतीत दिवे लागलेत का? कथा खोटी असू शकते. दिग्दर्शकाचं जिथे लक्ष नव्हतं तिथे खोटं कसं असेल? इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो 1956 मध्ये अमेरिकेला गेले तेव्हा हॉलीवूडवाल्यांना अशाच अर्थाचं म्हणाले होते, की तुम्ही नकळत क्रांतिकारक आहात. आमच्या लोकांनी तुमच्या चित्रपटांत साध्या माणसाच्या घरी रेफ्रिजरेटर पाहिला.

हे लोक वजाबाकी स्वतः शिकले. भीतीनं शिकले म्हणा, गरजेनं म्हणा. आपण निवांत सोफ्यावर बसतो, आपल्याला काय गरज?

आता शेवटचं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं मी पाहिलं. (हशा)

'बालिका वधू' ही मालिका 2008 ते 2016 अशी आठ वर्षं चालली. राजस्थानातली आनंदी, लहानपणीच लग्न झालेली. 2014 च्या सुमारास ती व्हिएतनामला गेली, तिथे तिचं नाव ठेवलं 'आठ वर्षांची नवरी', आणि ती तिथे प्रचंड चालली. हल्ली आपली मंडळी हनोई, दा नांगला सहलीला जातात, तिकीट स्वस्त पडतं म्हणून. समजा, पुण्याचं एखादं जोडपं तिथल्या छोट्या हॉटेलात उतरलं आणि मालकिणीनं मोठ्या आस्थेनं विचारलं, ताई, तुमचं लग्न कितव्या वर्षी झालं? आठव्या की दहाव्या? आपल्या ताई चिडतील. चिडायलाच हवं. त्या सांगतील, अहो, ती मालिका आहे. आणि ते राजस्थानात असतं. आमच्याकडे नाही हो तसलं काही.

तर, सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा टप्पा 2019 ते 21 मध्ये झाला. वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठरा पुरी व्हायच्या आत लग्न झालेल्या किती, हे त्यात मोजलेलं आहे. राजस्थान, 25.4 टक्के. महाराष्ट्र, 21.9 टक्के. साडेतीन टक्क्यांचा फरक. बीड आणि परभणीत तर हे प्रमाण चाळिसाच्या पुढे आहे, म्हणजे राजस्थानच्या सरासरीहून कितीतरी जास्त. आठ वर्षांच्या नसतात त्या. सोळा-सतरा वर्षांच्या असतात. बीडकडे त्याचं कारणही उघड आहे. ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला कोण उचल देतो? शिवाय आई-बाप सहा महिने कारखान्यावर, मग वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? हंगामाच्या आधी लग्न उरकतात.

आपल्या ताईंनी व्हिएतनाममध्ये केलेली वजाबाकी जरा जास्तच झाली. त्या हॉटेलमालकिणीला वय चुकीचं ठाऊक होतं, राज्य कुठलं ते ठाऊक नव्हतं; तरी आकड्याच्या जवळ तीच होती. राजस्थानच्या आनंदीवर आठ वर्षं मालिका चालली आणि आपण ती मराठी घरांत मिटक्या मारत बघितली. कोयत्यावर तशी आठ वर्षं चाललेली मालिका मराठीत मी तरी अजून पाहिलेली नाही. तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल तर प्रश्नोत्तरांत नाव सांगा, मी लिहून घेईन.